‘दिनान्तरे’ : कोंवळ्या रोपांच्या जलसेकाविषयीं एका पदाचा विचार

१

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेद नांवाचा पंचावन्नावा अध्याय आहे. लावलेल्या झाडांस कोणत्या ऋतूंत किती वेळां पाणी घालावें हें सांगणारा एक श्लोक त्या अध्यायांत येतो व त्याच्या दुसऱ्या चरणांत ‘दिनान्तरे’ असें पद आहे. या एका पदाच्या अर्थाचा निर्णय करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा मूळ हेतु होय.

विषय दिसावयास अल्प आहे. राजांच्या वंशावळी, सनदा, शिलालेख यांचा ऊहापोह ज्या पानांवर व्हावयाचा, त्यांवर झाडांस पाणी घालण्याचा विचार कशास, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, या पदाचा चुकीचा अर्थ आम्हीं अनेक वर्षें विद्यार्थ्यांस सांगितला. आमच्या टिपणवहींत तो आमच्याच अक्षरांत लिहिलेला आहे. आणि पुढें त्याच अर्थावर विसंबून आम्हीं एका स्नेह्यांचीं बरींच रोपें मारलीं. ग्रंथाच्या अर्थाची चूक पुष्कळदां कोणास बाधत नाहीं, म्हणून ती शतकेंच्या शतकें टिकते. येथें ती बाधली. तेव्हां दुरुस्ती जाहीरपणें करणें हें आम्ही कर्तव्य समजतों.

२

प्रथम ग्रंथाकडे वळूं. वराहमिहिर इसवी सनाच्या सहाव्या शतकांतला. त्याच्या संहितेची छापील आवृत्ति कर्न या डच पंडितानें कलकत्त्याच्या बिब्लिओथेका इंडिका मालेंत १८६४-६५ सालीं काढली; भट्टोत्पलाच्या दहाव्या शतकांतील टीकेसह ती पुढें काशीस सुधाकर द्विवेदी यांनीं प्रसिद्ध केली. वृक्षायुर्वेदाचा अध्याय भूगर्भांतील पाण्याच्या अध्यायास लागूनच येतो. आधीं पाणी कोठें सांपडेल तें सांगावयाचें, मग त्या पाण्याच्या कांठीं झाडें कशीं लावावीं तें सांगावयाचें, असा हा क्रम आहे.

अध्याय सुमारें तीस श्लोकांचा आहे. त्यांत आरंभीं सांगितलें आहे कीं, सर्व झाडांस मृदु जमीन हितकर. तींत प्रथम तीळ पेरावे व ते फुलोऱ्यास आले म्हणजे तेथेंच मोडून जिरवावे. आज ज्यास हिरवळीचें खत म्हणतात तेंच हें. पुढें फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष इत्यादि झाडें कांडी लावून होतात असें म्हटलें आहे. त्यानंतर रोप हलविण्याचा काल येतो : ज्यास फांद्या फुटल्या नाहींत तें शिशिरांत, ज्यास फुटल्या आहेत तें हेमंतांत, ज्याचें खोड भरलें आहे तें वर्षाकालाच्या आरंभीं हलवावें. हलवितांना मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध व शेण यांचा लेप द्यावा. यापुढें जलसेकाचा श्लोक. मग दोन झाडांमधील अंतर, तें वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा कनिष्ठ. आणि मग झाडांचे रोग. रोगांचीं कारणें तीन सांगितलीं आहेत, थंडी, वारा व ऊन. आणि लक्षणें चार, पानें फिकीं पडणें, पालवी न वाढणें, फांद्या वाळणें व रस गळणें.

जलसेकाच्या श्लोकाचा अन्वय असा : उन्हाळ्यांत संध्याकाळीं व सकाळीं, थंडीच्या दिवसांत ‘दिनान्तरे’, पावसाळ्यांत जमीन वाळली असतां, याप्रमाणें लावलेलीं झाडें शिंपावीं. आम्ही ‘दिनान्तरे’ याचा अर्थ ‘दिवसाच्या अखेरीस’ असा करीत असूं. आमचें समर्थन असें असे कीं, थंडींत बाष्पीभवन थोडें, म्हणून एकच वेळ पुरे. आणि ती वेळ संध्याकाळची, कारण आधींच्या चरणांत संध्याकाळ सकाळच्याही आधीं उल्लेखिली आहे. वर्गांत हें समर्थन ऐकून कोणी शंका काढली नाहीं. शंका निघाली ती पांचगणीस.

३

पांचगणी येथें आमच्या एका स्नेह्यांचें लहानसें काचघर आहे. सरकारी मराठींत त्यास हरितगृह म्हणतात. ‘शीतगृह’ म्हणावें तर तो शब्द आतां बटाट्यांच्या कोठारास लागला. या काचघरास उष्णता देण्याचें कांहीं साधन नाहीं. दिवसां ऊन सांठतें, रात्रीं आंतील हवा बाहेरच्यापेक्षां थोडीशीच उबदार राहते. गेल्या मार्गशीर्षांत स्नेह्यांनीं एका रोपवाटिकेंतून पॅन्सी व प्रिम्युला या फुलझाडांचीं रोपें मागविलीं. प्रत्येकीं ९८ खळ्यांचे दोन ट्रे होते. खळ्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्यांत चार चार पानांचें एकेक रोप. रोपें उत्तम होतीं. रोपवाटिकेचा येथें कांहीं दोष नाहीं. स्नेह्यांस पंधरा दिवस परगांवीं जाणें होतें व आम्ही तेव्हां त्यांच्याकडेच राहिलों होतों. रोपांची निगा आमच्याकडे आली.

आम्हीं शास्त्र काढलें. दररोज सूर्यास्ताच्या सुमारास झारीनें दोन्ही ट्रे भिजविले व थंडी लागूं नये म्हणून काचघराच्या खिडक्या दिवसरात्र लावून ठेविल्या. चौथ्या दिवशीं सकाळीं एका कोपऱ्यांतील सहासात रोपें मातीलगत मान मोडून पडलेलीं दिसलीं. देंठ तेवढ्याच जागीं पाण्यासारखा झालेला, वर पानें हिरवींच. पाणी कमी पडलें असें समजून आम्हीं संध्याकाळीं अधिक घातलें. दुसऱ्या दिवशीं पडलेल्या रोपांचें वर्तुळ वाढलें. आठवड्याच्या अखेरीस १९६ पैकीं ६१ रोपें गेलीं. स्नेह्यांचा माळी सुट्टीवरून परत आला तेव्हां त्यानें ट्रेवर हात ठेविला, काचेवर आंतून जमलेले थेंब पाहिले आणि एवढेंच विचारलें, “गुरुजी, रात्रीं भिजवतां होय?”

या रोगास बागाईतदार ‘मर’ किंवा ‘रोप कोलमडणें’ म्हणतात. पिथियम इत्यादि बुरशा त्यास कारण होतात. त्यांस ओल, गारवा व कोंदलेली हवा मानवते. संध्याकाळीं घातलेलें पाणी रात्रभर पानांवर व देंठाच्या मुळाशीं राहतें. रोप थंडींत तें पीत नाहीं, आणि बुरशी मात्र पीत बसते. मग आम्हीं माळ्याच्या सांगण्यावरून खिडक्या उघडल्या, मेलेलीं रोपें भोंवतालच्या भुशासह काढून टाकिलीं, पाणी बंद केलें. पुढें एकही रोप गेलें नाहीं. त्या रात्रीं आम्हीं पुन्हां बृहत्संहिता उघडली.

४

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रोपें मेलीं म्हणून ग्रंथाचा अर्थ बदलतो असें नाहीं. ग्रंथकार चुकीचें सांगूं शकतो, आणि तो चुकला असला तर त्याच्या तोंडीं आपलें खरें घालणें हा संशोधनांतला मोठा अपराध होय. आजकाल जुन्या ग्रंथांतून नव्या शास्त्राचे सर्व शोध काढून दाखविण्याची हौस वाढली आहे. त्या हौसेस आम्ही हातभार लावूं इच्छीत नाहीं. रोपांनीं आम्हांस श्लोक पुन्हां वाचावयास लाविलें, इतकेंच त्यांचें काम. अर्थाचा निर्णय शब्द, प्रकरण व छंद यांवरूनच झाला पाहिजे.

शब्द पाहूं. ‘अन्त’ व ‘अन्तर’ हे दोन निराळे शब्द आहेत. दिवसाचा शेवट सांगावयाचा तर ‘दिनान्त’ हा सरळ शब्द आहे व काव्यांत तो विपुल येतो. ‘अन्तर’ म्हणजे मधील अवकाश, किंवा दुसरा. देशान्तर म्हणजे दुसरा देश, जन्मान्तर म्हणजे दुसरा जन्म. तसेंच दिनान्तर म्हणजे दुसरा दिवस, मध्यें एक दिवस टाकून येणारा. मराठींत आपण ‘एक दिवसाआड’ म्हणतों तो अर्थ येथें सरळ बसतो. ‘अन्तर’ शब्दांत ‘अन्त’ ऐकूं येतो म्हणून आम्हीं तो तोडून घेतला. कानानें व्याकरणावर मात केली.

प्रकरण पाहूं. श्लोकांत तीन ऋतु आहेत व तीन नियम आहेत. उन्हाळ्यांत दिवसास दोनदां, पावसाळ्यांत जमीन वाळेल तेव्हांच, मध्यें हिंवाळा. हा सर्व श्लोक पाणी किती वेळां घालावें हें सांगण्यासाठीं रचिला आहे. ‘एक दिवसाआड’ असा अर्थ घेतला म्हणजे दिवसास दोनदां, दोन दिवसांस एकदां, आणि गरज पडेल तेव्हां, अशी उतरती पायरी नीट लागते. ‘संध्याकाळीं’ असा अर्थ घेतला तर पहिला व तिसरा नियम वारंवारतेचा आणि मधला वेळेचा असा विषमपणा उत्पन्न होतो. पहिल्या नियमांतील संध्याकाळ व सकाळ हीं सुद्धां मुख्यतः ‘दोनदां’ हें सांगण्यासाठींच आलीं आहेत.

छंद पाहूं. श्लोक अनुष्टुभ् आहे. दुसऱ्या चरणाचीं आठ अक्षरें ‘दिनान्तरे’ या पाठानें पूर्ण होतात व पांचवें लघु, सहावें गुरु, सातवें लघु हा नियमही सांभाळला जातो. त्या जागीं ‘दिनान्ते’ घातलें तर एक अक्षर उणें पडतें. म्हणजे मूळचा ‘दिनान्ते’ लेखकांच्या हातून ‘दिनान्तरे’ झाला, अशी पळवाटही आम्हांस उरत नाहीं. पाठ शुद्ध आहे. चूक आमची आहे.

५

हाच श्लोक किंचित् फरकानें अग्निपुराणांतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांतही आढळतो. आनंदाश्रमानें छापिलेलें हें पुराण बहुतेक वाचकांच्या संग्रहीं असेल; त्यांनीं ताडून पाहावें. ‘दिनान्तरे’ तेथेंही तसेंच आहे, परंतु तिसऱ्या चरणांत बृहत्संहितेंतल्या ‘वर्षासु’ या पदाच्या जागीं ‘वर्षारात्रौ’ असें पद येतें. यावरून ‘पावसाळ्यांत रात्रीं पाणी घालावें’ असा अर्थ कोणी काढील, आणि मग हिंवाळ्यांतील ‘दिनान्त’ व पावसाळ्यांतील ‘रात्र’ हीं एकमेकांस आधार देतील. आम्हांसही पूर्वी तसें वाटलें होतें. एक चूक दुसरीस साक्षीदार म्हणून कशी उभी राहते याचा हा मासला आहे.

परंतु ‘वर्षारात्र’ हा संस्कृतांत रूढ शब्द असून त्याचा अर्थ पावसाळा असाच आहे. रामायणांत किष्किंधाकांडांत तो येतो. मेघांनीं सर्व ऋतूच रात्रीसारखा होतो, ही त्या शब्दामागची कल्पना असावी. तेव्हां अग्निपुराणाचा पाठ बृहत्संहितेच्या पाठाशीं अर्थानें एकरूपच आहे व रात्रीच्या सेकाचा विधि दोन्हीं ठिकाणीं नाहीं. आपल्या संग्रहांत या ग्रंथांचीं हस्तलिखितें असतील त्यांनीं हे दोन चरण मुद्दाम तपासावे. ‘वर्षारात्रौ’ हें पद न समजल्यामुळें लेखकांनीं तें सुधारूं पाहिलें काय, हें पाहण्यासारखें आहे.

६

आतां वस्तूकडे वळूं. एका जागीं वाढलेलें कोंवळें रोप दुसऱ्या जागीं नेलें असतां तें कां मरतें आणि कशानें तगतें, हा प्रश्न जुना आहे. आपल्याकडे तो सर्वांत अधिक भाताच्या संबंधानें सुटला. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत, उपटून पुन्हां रोविलेल्या कलम जातीच्या साळीची उपमा कालिदासानें वंगदेशच्या राजांस दिली आहे; रघूनें त्यांस उखडलें, पुन्हां स्थापिलें, आणि त्यांनीं त्यास फळ दिलें. कोंकणांत आजही राब भाजून त्यावर रोप करितात व तेथून तें उपटून आवण करितात. भाताचें रोप मुळांची माती धुवून गेली तरी चिखलांत उभें राहतें, कारण त्याचा पाय पाण्यांतच असतो. (हा ‘कलम’ संस्कृत, आंब्याचें ‘कलम’ अरबी-फारशींतून आलेलें. दोहोंचा संबंध नाहीं.)

इतर रोपांस हें सोसत नाहीं. त्यांस तीन गोष्टींचा धक्का बसतो. पहिला मुळांचा : केंसासारखीं बारीक मुळें तुटलीं कीं पाणी वर चढत नाहीं. दुसरा हवेचा : ओलसर हवेंतून कोरड्या वाऱ्यांत आलेलें पान मुळें देतील त्याहून अधिक पाणी सोडतें. तिसरा उष्णतेचा : उबेंत वाढलेलें रोप एकदम गारठ्यांत आलें कीं मुळांचें काम थांबतें. वराहमिहिरानें सांगितलेलीं रोगांचीं तीन कारणें, थंडी, वारा, ऊन, हीं याच्याशीं बरींच जुळतात. फांद्या न फुटलेलें रोप शिशिरांत हलवावें या नियमाचें इंगितही येथेंच आहे. त्या काळीं पानें थोडीं, ऊन सौम्य, आणि पुढें वसंत. रोपास नवीं मुळें धरावयास अवकाश मिळतो. मुळांस शेणाचा व तुपाचा लेप देण्यांतही मुळें उघड्यावर सुकूं नयेत हा लाभ आहेच.

थंडीची संवय लावण्याची कल्पनाही प्राचीनांस अपरिचित नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाच्या प्रकरणांत धान्याचें बीं पेरण्यापूर्वीं सात रात्रीं दंवांत ठेवावें व दिवसां उन्हांत सुकवावें असें सांगितलें आहे. मात्र हवेचा प्रश्न त्यांनीं सोडविला नाहीं. पानाभोंवतीं हवा कोंडून रोप जगविणें हें कांचेवांचून शक्य नव्हतें, आणि तसा विधि आम्हांस या ग्रंथांत आढळला नाहीं. तो शोध लंडनच्या एका डॉक्टराचा आहे, व त्यास त्याचें श्रेय देण्यांत आपला कांहीं कमीपणा नाहीं.

७

नॅथॅनिएल वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागांतील धुराड वस्तींत राहणारा वैद्य. १८२९ सालीं त्यानें एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह कांचेच्या बरणींत झांकून ठेविला. पतंग निघण्यापूर्वींच त्या मातींत एक नेचा व एक गवताची काडी उगवलेली त्यास दिसली. बाहेर बागेंत त्याचे नेचे धुरानें मरत. बरणींत पाणी न घालतां हे जगले. दिवसां वाफ कांचेवर जमे, रात्रीं ती खालीं उतरे. १८३३ सालीं त्यानें नेचे व गवतें भरून कांचेच्या दोन पेट्या जहाजावरून सिडनीस पाठविल्या. तीं सुखरूप पोंचलीं. १८३४ सालीं त्या पेट्या ऑस्ट्रेलियांतील झाडें भरून परत निघाल्या तेव्हां सिडनीस उष्णता ९० ते १०० अंश फॅरनहाइट होती, केप हॉर्नजवळ ती २० वर आली. तरीही झाडें लंडनास जिवंत उतरलीं. १८४२ सालीं वॉर्डनें यावर पुस्तक लिहिलें. त्यापूर्वींची स्थिति लक्षांत घेतली म्हणजे या शोधाचें महत्त्व समजतें : १८१९ सालीं मकाव येथून लिव्हिंग्स्टन नांवाच्या डॉक्टरानें लिहिलें होतें कीं, चीनहून इंग्लंडास एक झाड जिवंत पोंचलें तर हजार वाटेंत मरतात.

वॉर्डच्या पेटीचा आपल्या देशाशीं निकट संबंध आहे. रॉबर्ट फॉर्च्यून यानें १८५१ सालीं चीनचा चहा अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याकडे आणिला. पण आमच्या विषयास अधिक उपयोगी कथा सिंकोनाची आहे. सिंकोनाच्या सालीपासून हिंवतापावरील क्विनीन निघतें. तें झाड दक्षिण अमेरिकेंतील आंडीज पर्वताच्या धुकट उतारांवरचें. तें हिंदुस्थानांत आणण्यासाठीं क्लेमेंट्स मार्कम यास इंडिया ऑफिसनें पाठविलें. त्यानें १८६० सालीं पेरूमधून रोपें मिळविलीं, वॉर्डच्या पेट्यांत भरलीं, आणि इंग्लंडावरून इजिप्तमार्गें तीं मुंबईस व तेथून निलगिरीवर नेलीं. पॅसिफिक ओलांडून सरळ मद्रासेस नेण्याची त्याची इच्छा होती, परंतु जहाज मिळालें नाहीं. सुएझचा कालवा तोंवर व्हावयाचा होता. तो १८६९ सालीं खुला झाला. उन्हाळा सरतांना तांबड्या समुद्राची भट्टी पेट्यांस भोंवली आणि तीं रोपें शेवटीं सर्व मेलीं.

त्याच सुमारास रिचर्ड स्प्रूस व रॉबर्ट क्रॉस यांनीं इक्वेडोरमध्यें तांबड्या सालीच्या जातीचीं रोपें तयार केलीं. १८६१ च्या जानेवारींत ६३७ रोपें ग्वायाकिल बंदरांतून निघालीं. क्रॉस स्वतः त्यांच्याबरोबर होता. एप्रिलांत उटकमंडास ४६३ जिवंत पोंचलीं, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश. पेटी तीच, मार्गही बहुतेक तोच. फरक दोन गोष्टींचा. तांबडा समुद्र या वेळीं हिंवाळ्याच्या अखेरीस ओलांडला गेला, आणि रोपांबरोबर रोपांचा जाणता मनुष्य होता. फांद्या न फुटलेलें रोप शिशिरांत हलवावें, असें म्हणणाऱ्यास हा हिशेब दाखवावासा वाटतो.

उटकमंड सुमारें २२४० मीटर उंचीवर आहे. तेथें हिंवाळ्यांत दंव गोठतें. तेथील सरकारी बागेचा अधीक्षक विल्यम मॅकआयव्हर यानें हीं रोपें कांचेखालीं वाढविलीं, त्यांच्या कांड्या करून संख्या वाढविली, आणि मग हळूहळू उघड्या हवेची संवय लावून दोडाबेट्टा व नडुवट्टम येथील उतारांवर लाविलीं. जावा बेटांत डच लोकांनीं, युंगहून याच्या मतानें, सिंकोना दाट रानाच्या सांवलींत लाविला होता. तीं झाडें उंच, बारीक व अशक्त झालीं. मॅकआयव्हरचें मत असें कीं, सांवली बालपणीं पाहिजे, नेहमींची नको. पुढच्या अनुभवानें त्याचेंच मत खरें ठरविलें. आपल्या महाबळेश्वराजवळ लिंगमळा येथेंही सरकारनें सिंकोना लावून पाहिला, पण तो टिकला नाहीं. चार महिने कोसळणारा पाऊस व मग आठ महिने कोरडा वारा, हें धुक्यांत वाढणाऱ्या झाडाचें माहेर नव्हे.

८

एवढा विचार झाल्यावर माघांत आम्हीं स्नेह्यांच्या अनुमतीनें ९८ रोपांचा आणखी एक ट्रे मागविला. या वेळीं काय केलें तें लिहून ठेवितों. कारण आजची वहिवाट हीच पन्नास वर्षांनीं इतिहासाचें साधन होते.

रोपें आलीं त्याच घटकेस खोक्यांतून बाहेर काढिलीं. प्रवासांत काथ्याचा भुसा कोरडा पडून आकसतो, आणि मग वरून घातलेलें पाणी कडेनें वाहून जातें, आंत शिरत नाहीं. म्हणून ट्रे परातींतील कोमट पाण्यांत पाव घटका ठेवून खालून भिजविला व निथळविला. एक दिवस उजेडांत, पण उन्हांत नव्हे, ठेविला. दुसऱ्या दिवशीं बोथट काडीनें खालून रेटून प्रत्येक रोप मातीच्या गोळ्यासह काढिलें. धरितांना पान धरिलें, देंठ नाहीं, कारण पान गेलें तर दुसरें येतें, देंठ चेंगरला तर रोपच जातें. कुंड्या चार बोटें रुंदीच्या घेतल्या. मोठ्या कुंडींतील माती लहान मुळांस पिववत नाहीं व ओली राहून आंबते. रोप पूर्वी जितकें खोल होतें तितकेंच रोविलें.

पहिला आठवडा त्या कुंड्या घराच्या आंतल्या ओसरीवर, जेथें रात्रीं सुमारें १२ अंश सेंटिग्रेड राहतें, तेथें ठेविल्या. नवीं मुळें धरल्यावर काचघरांत नेल्या. फार गारठ्याच्या रात्रीं वरून पातळ कापड घातलें व सूर्य वर आल्याबरोबर काढलें. दिवसां खिडक्या उघडल्या, सायंकाळीं लाविल्या. पाणी एक दिवसाआड, सकाळीं नऊच्या पुढें, आणि तेंही बोटानें माती चांचपून. रात्र पडण्यापूर्वीं पानें व काचा कोरड्या असाव्या हा नियम माळ्यानें घालून दिला होता. बाहेर वाफ्यांत लावण्यापूर्वीं आठ दिवस कुंड्या दिवसां उघड्यावर व रात्रीं आंत, असें केलें. ९८ पैकीं ९२ रोपें लागलीं.

९

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. वराहमिहिराचा नियम जमिनींत लावलेल्या झाडांचा. खळ्यांतील चिमूटभर भुशाचा नव्हे. एवढा भुसा उन्हाच्या दिवशीं एका प्रहरांत सुकतो, तेथें एक दिवसाआडचा नियम आंधळेपणानें पाळला तर रोप तहानेनें मरेल. हें आम्हांस मान्य आहे. आम्हीं रोपें ओसरीवर असतां दोनदां नियम मोडून पाणी घातलें. परंतु त्या श्लोकाचा तिसरा नियम पाहा : पावसाळ्यांत जमीन वाळेल तेव्हां. येथें ग्रंथकारानें घड्याळ व पंचांग दोन्ही सोडून मातीकडे बोट दाखविलें आहे. पहिले दोन नियम ऋतूच्या सरासरीचे. तिसरा प्रत्यक्ष पाहण्याचा. आमच्या मतें काचघरासारख्या कृत्रिम ऋतूस हा तिसरा नियमच लागू करावा. माळ्यानें ट्रेवर हात ठेविला, तेव्हां त्यानें तेंच केलें; त्यानें श्लोक वाचलेला नव्हता.

आतां संग्राहकांस एक विनंति. वृक्षायुर्वेदाचें वाङ्मय आपण समजतों त्याहून मोठें आहे. शार्ङ्गधरपद्धतींतील उपवनविनोद हा भाग गिरिजाप्रसन्न मजुमदार यांनीं १९३५ सालीं स्वतंत्रपणें प्रसिद्ध केला. सुरपालाचा वृक्षायुर्वेद हा ३२५ श्लोकांचा ग्रंथ ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत हस्तलिखितरूपानें पडून होता. तो सिकंदराबादेहून नलिनी साधले यांच्या भाषांतरासह १९९६ सालीं छापून निघाला. असे ग्रंथ वैद्यकाच्या किंवा ज्योतिषाच्या रुमालांत बांधलेले असण्याचा संभव अधिक. वृक्षायुर्वेद तर ज्योतिषाच्या संहितेचाच एक अध्याय. अपूर्ण वैद्यक म्हणून बाजूस टाकलेलीं पानें पुन्हां चाळावीं.

त्याहून अधिक भीति बागाईतींच्या कागदांची वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आंबे-फणसांविषयीं म्हटलें आहे कीं, हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत; रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें पाळून वाढविलेलीं असतात, म्हणून तीं बळानें तोडूं नयेत. तीं कशीं पाळलीं, रोप कोठून आणिलें, पाणी कोणीं घातलें, माळ्यास काय दिलें, हें सांगणारे कागद इनामदारांच्या व देवस्थानांच्या दप्तरांत असतात. त्यांत राजाचें नांव नसतें, तारखेवरून वाद होत नाहीं, म्हणून रद्दींत प्रथम तेच जातात. आम्हीं स्वतः तरुणपणीं असा एक गठ्ठा ‘किरकोळ’ म्हणून परत केला आहे. पुढें चौकशी केली तेव्हां तो उरला नव्हता. एका पदाचा अर्थ चुकला, तो साठी उलटल्यावर तरी सुधारतां आला, कारण श्लोक जपून ठेविलेला होता. त्या गठ्ठ्याविषयीं आमच्या हातून तसें होणें नाहीं.

‘दिनान्तरे’ म्हणजे ‘एक दिवसाआड’, असा आमचा निर्णय आहे. ज्या विद्यार्थ्यांनीं आमच्या सांगण्यावरून ‘संध्याकाळीं’ असें लिहून घेतलें असेल त्यांनीं वहींत दुरुस्ती करावी. या पदास दुसरा पाठ कोणाच्या पोथींत आढळल्यास तो अवश्य कळवावा.